नटबोल्ट : पाच सेंटांचं थिएटर



गेल्या अंकात गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर तीन फोन आले. दोघांनी लेख आवडल्याचं सांगितलं आणि तिसऱ्यानं विचारलं, "शनिवारी येऊन आमची स्प्रिंग बघून जातोस का?" लेखकाला याहून मोठी पावती कोणती! गेलो, बघितली, चहा-पोहे खाऊन आलो. तर या सदराचं नाव 'नटबोल्ट' असलं तरी आजवर त्यात बोल्टच जास्त आले. या वेळी थोडे नटही येणार आहेत.

निमित्त घडलं ते कार्यकारिणीच्या बैठकीचं. आपलं मंडळ दर वर्षी वसंतात एका रविवारी सकाळी थिएटरचा एक पडदा भाड्यानं घेऊन मराठी सिनेमा दाखवतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (ठाऊक नसेल तर दुखणं तिथंच आहे.) थिएटरवाले किमान ८० तिकिटांचे पैसे घेतात. गेल्या वर्षी आपली तिकिटं खपली ५२. उरलेले पैसे मंडळाच्या तिजोरीतून गेले. खजिनदारांनी वही उघडून शांतपणे विचारलं, "लोक घरी बघतात. मग हा खटाटोप कशासाठी?" कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांना लिंक पाठवून देऊ." बैठक आमच्याच बेसमेंटमध्ये होती. चिप्स न्यायला आलेले आमचे चिरंजीव जिन्यावर थांबून म्हणाले, "बाबा, चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून बोलणाऱ्या लोकांबरोबर पिक्चर कशाला बघायचा?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर मला सुचलं नाही. शेवटी ठरलं असं की पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आणि तोवर मी "दोन्ही बाजू मांडायच्या". इंजिनिअर माणसाला असं काही सांगितलं की तो मुळापासून सुरुवात करतो. तशी मी केली. आणि गंमत बघा, आमच्या बेसमेंटमधला वाद सिनेमाइतकाच जुना निघाला! एकट्यानं बघायचं की चारचौघांत, हाच सिनेमाचा पहिला प्रश्न होता.

एडिसनसाहेबांचा पेटारा

सिनेमा म्हटलं की आपल्याला पडदा आठवतो. पण पैसे देऊन हलती चित्रं बघण्याची सुरुवात पडद्यावर झाली नाही. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर ११५५ नंबरच्या दुकानात एडिसनची दहा 'किनेटोस्कोप' यंत्रं मांडली गेली. साधारण छातीइतक्या उंचीचा लाकडी पेटारा, वर डोळे लावायला भोक. आत पन्नासेक फुटांची फिल्म चाकांवरून गोल गोल फिरत असे. पाच पेटाऱ्यांची एक ओळ बघायला पंचवीस सेंट पडत. मजुराला दिवसाकाठी दीड-दोन डॉलर मिळायचे त्या काळातली ही गोष्ट. एका वेळी एक माणूस वाकून बघणार, वीस सेकंदांच्या आत खेळ खलास, की पुढच्या पेटाऱ्याकडे.

यंत्राच्या घडणीचं बरंचसं काम एडिसनच्या हाताखालच्या डिक्सन नावाच्या माणसानं केलं होतं. फिल्म ३५ मिलिमीटर रुंद आणि एका चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोकं, हे माप त्याचंच. ते पुढं शंभरहून जास्त वर्षं जगभर चाललं. या चार भोकांकडे मी नंतर पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

मग एडिसननं पडदा का नाही केला? कारण त्याचा हिशोब सरळ होता. एका यंत्रावर एक माणूस बघत असेल तर यंत्रं पुष्कळ खपतील. पडद्यावर एकदम दोनशे लोकांना दाखवलं तर साऱ्या देशाला मूठभर यंत्रं पुरतील, मग धंदा कसला? थोडक्यात काय, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तो एडिसनच्या पेटाऱ्याचाच पणतू. एका माणसाला एक पडदा. चिरंजीव एडिसनच्या बाजूचे आहेत, आणि एडिसन काही मूर्ख नव्हता.

शिवणयंत्र आणि पडदा

पेटाऱ्यातली फिल्म न थांबता पळायची. समोर बारीक फटीची चकती फिरायची आणि प्रत्येक चित्राची क्षणभर झलक मिळायची. भोकाला डोळा लावलेला असल्यामुळे तेवढा उजेड पुरे. पण तेच चित्र पंधरा-वीस फुटांवरच्या कापडावर फेकायचं तर कितीतरी जास्त प्रकाश लागतो, आणि तो मिळवायचा तर प्रत्येक चित्र दिव्यासमोर काही काळ स्थिर उभं राहिलं पाहिजे. म्हणजे फिल्म थांबली पाहिजे, मग झाकण आड आलं पाहिजे, त्या अंधारात पुढचं चित्र सरकलं पाहिजे, आणि झाकण परत बाजूला. हे सगळं एका सेकंदात सोळा वेळा! शिवाय फिल्म फाटता कामा नये.

फ्रान्समधल्या लिऑनच्या ल्युमिएर बंधूंनी हे कोडं सोडवलं. धाकट्या लुईला ही युक्ती शिवणयंत्रावरून सुचली असं सांगतात. आईचं शिवणयंत्र आठवा. सुई कापडात असते तेव्हा कापड स्थिर असतं आणि सुई वर गेली की खालचे दात कापड एक टाका पुढं ढकलतात. अगदी तसंच. शिवाय त्यांचं यंत्र पाचेक किलोचं, हातानं फिरवायचं, आणि त्याच यंत्रानं चित्रण करा, प्रिंट काढा आणि पडद्यावरही दाखवा!

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ग्रँड कॅफेच्या तळघरात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. एक फ्रँक तिकीट, दहा छोट्या फिल्म. पहिल्या दिवशी प्रेक्षक किती? तेहतीस. म्हणजे आपले बावन्न त्यापेक्षा बरे, असं मी खजिनदारांना सांगणार आहे! थोड्याच दिवसांत त्या दारासमोर रांगा लागल्या ही गोष्ट वेगळी.

इकडे एडिसनचे भागीदार अस्वस्थ झाले. वॉशिंग्टनच्या जेंकिन्स आणि आर्माट या दोघांनी एक प्रोजेक्टर बनवला होता. आर्माटकडून त्याचे हक्क घेऊन २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या कॉस्टर अँड बायल म्युझिक हॉलमध्ये त्याचा खेळ झाला, पण 'एडिसनचं व्हायटास्कोप' या नावानं. काम एकाचं आणि नाव साहेबाचं, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेलच. असो.

वॉटसन हॉटेल ते गिरगाव

पॅरिसच्या त्या खेळाला सात महिनेही झाले नव्हते, तोच ७ जुलै १८९६ रोजी सिनेमा मुंबईत पोहोचला. ल्युमिएर यांचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईत उतरला आणि त्यानं काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात सहा फिल्म दाखवल्या. तिकीट एक रुपया. ही इमारत म्हणजे ओतीव लोखंडाचा सांगाडा, सारे भाग विलायतेहून बनवून आणलेले. आमच्यासारख्यांनी टोपी काढावी अशी! हॉटेल मात्र गोऱ्यांसाठीचं. पुढच्याच आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलले आणि दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लागले. पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. सिनेमा एका आठवड्यात हॉटेलातून नाटकाच्या थिएटरात आला तो असा, दरांच्या पायऱ्यांसकट.

त्या पहिल्या खेळांच्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, होते. फोटोग्राफीचा व्यवसाय असलेल्या या माणसानं विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. पुढं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा त्यांच्या स्वागताचंही केलं. परदेशी शिकून परत गेलेल्या मराठी माणसाचं चित्रण व्हावं इतकं त्याचं अप्रूप होतं. आता आपण सुट्टीला गेलो की विमानतळावर फक्त टॅक्सीवाले स्वागत करतात!

पण या सगळ्यात अजून 'थिएटर' नव्हतंच. नाटकगृहात दोन नाटकांच्या मध्ये, जत्रेत तंबूत, हॉलमध्ये चार दिवस, असा सिनेमा पाहुण्यासारखा राहत होता. त्याला स्वतःचं घर नव्हतं. का नव्हतं? याचं कारण मला फार आवडलं, कारण ते यंत्रात नाही, हिशोबात आहे. तेव्हा फिल्म फुटावर विकत मिळायची. एकदा विकत घेतली की तिचे पैसे वसूल करायला नवे प्रेक्षक हवेत, आणि गावातल्या सगळ्यांनी बघून झाली की खेळवाल्याला पेटी उचलून पुढचं गाव गाठावंच लागे. मग १९०२-०३ च्या सुमारास अमेरिकेत फिल्म भाड्यानं देणाऱ्या एक्सचेंज निघाल्या. दोन दिवस दाखवा, परत करा, दुसरी न्या. झालं! आता प्रेक्षक तोच राहिला तरी चालेल, फिल्म बदलेल. सिनेमाचा बिऱ्हाडकरू भाड्याच्या फिल्ममुळे घरमालक झाला.

स्मिथफील्ड स्ट्रीट

आणि हे घर पहिल्यांदा नाव काढून उभं राहिलं ते कुठं? आपल्या गावात! पिट्सबर्गला एम.एस. करताना दोन वर्षं मी स्मिथफील्ड स्ट्रीटवर बस बदलत होतो. थंडीत कुडकुडत त्याच फुटपाथवर उभं राहून विद्यार्थी सवलतीच्या पाससाठी खिसे चाचपले, पण आपण कुठं उभे आहोत याचा पत्ता नव्हता.

याच रस्त्यावर १९ जून १९०५ रोजी हॅरी डेव्हिस आणि त्याचा मेहुणा जॉन हॅरिस यांनी एका रिकाम्या दुकानात ९६ खुर्च्या मांडल्या, एका टोकाला पडदा लावला आणि बाहेर पाटी लावली, 'निकेलोडियन'. निकेल म्हणजे पाच सेंटांचं नाणं आणि ओडियन म्हणजे ग्रीकांचं संगीतगृह. नाण्यापुढं नाट्यगृह जोडून नाव केलं, जसं आपण 'चार आण्याचा तमाशा' म्हणावं. पहिल्या दिवशी साडेचारशे लोक आले आणि दुसऱ्या दिवशी दीड हजार, असं सांगतात. सकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चाले. कधीही या, पंधरा-वीस मिनिटं बघा, जा. जोडीला पियानो.

आता खरं सांगायचं तर 'जगातलं पहिलं थिएटर' हा मान आपल्या गावाला देताना इतर गावं भांडायला उठतात. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९६ सालीच खास सिनेमासाठी एक हॉल काही काळ चालला, लॉस एंजेलिसला टॅली नावाच्या गृहस्थानं १९०२ साली 'इलेक्ट्रिक थिएटर' काढलं होतं. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, तसा हा वाद आहे. पण लोण पसरलं ते इथून. दोन-तीन वर्षांत देशभर हजारो निकेलोडियन निघाली.

का चालली? तेव्हाचं पिट्सबर्ग डोळ्यांपुढं आणा. भर दुपारी दिवे लावावे लागतील इतका धूर. पोलाद कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या. कामगार कोण? स्लोव्हाक, पोलिश, इटालियन, हंगेरियन. नुकतेच बोटीतून उतरलेले, इंग्रजीचा गंध नसलेले. एका खोलीत सहा-सहा जण, त्यातही पाळीनं झोपणारे. नाटकाला जावं तर भाषा कळत नाही आणि तिकीट परवडत नाही. मूकपटाला भाषा लागतच नव्हती. पाच सेंट टाकले की अंधारात पंधरा मिनिटं उबेला बसता येई. शेजारचा हसला की आपणही हसायचं. या देशात आल्यावर सगळ्यांबरोबर एकाच वेळी हसण्याची ही त्यांची पहिली वेळ असेल, असं मला वाटतं. आपलं आठवतंय ना? ऑफिसात विनोद झाल्यावर अर्ध्या सेकंदानं हसण्याचे ते दिवस!

चालवणारेही बरेचसे तसेच. कार्ल लेमले जर्मनीतून आलेला. त्यानं १९०६ साली शिकागोत निकेलोडियन काढलं आणि पुढं युनिव्हर्सल कंपनी. फॉक्स आणि झुकर हंगेरीचे. पोलंडमधून आलेल्या एका ज्यू चांभाराच्या वॉर्नर नावाच्या मुलांनी इथून तासाभराच्या अंतरावर न्यू कॅसलला छोटं थिएटर काढलं. खुर्च्या शेजारच्या अंत्यसंस्कारवाल्याकडून उसन्या आणत आणि मयत असली की परत द्याव्या लागत, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे, पण आपल्या मंडळाच्या सुरुवातीच्या गणपतीच्या खुर्च्या कुठून आल्या होत्या ते जुन्या मंडळींना विचारा!

हे सगळं गोड-गोड नव्हतं, तेही सांगायला हवं. अंधारात सगळे सारखे, हे सगळ्यांना लागू नव्हतं. काळ्या लोकांना कित्येक थिएटरांत वरच्या बाल्कनीत, वेगळ्या जिन्यानं जावं लागे, किंवा आत घेतच नसत. तेव्हा काळ्या वस्त्यांतून त्यांनी स्वतःची थिएटरं काढली.

वाळूच्या बादल्या

आता थोडं घरचं. माझे थोरले मामा आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकमेव थिएटरात ऑपरेटर होते. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की माझा मुक्काम प्रोजेक्टरच्या कॅबिनमध्ये. जाड भिंती, पत्र्यानं मढवलेलं दार, पडद्याकडे उघडणाऱ्या वीतभर खिडक्या, त्यांवर वरून खाली पडणारं लोखंडी झाकण आणि कोपऱ्यात वाळूच्या लाल बादल्या. मे महिन्यात त्या भट्टीत बसून मी मामांना विचारायचो, "इथं मोठी खिडकी का नाही?" मामा म्हणायचे, "कायदा आहे."

कायदा का आहे ते मला आत्ता, चाळिशी उलटल्यावर कळलं. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाचा खेळ चालू होता. दिव्यात ईथर भरताना काडी ओढली गेली, वाफेनं पेट घेतला, आणि लाकूड-कापडाच्या त्या मंडपात सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बायका. न्यूयॉर्कच्या महापौरानं १९०८ साली ऐन नाताळच्या आदल्या दिवशी शहरातली साडेपाचशेच्या आसपास थिएटरं बंद केली. त्यात आगीची भीती होती आणि 'लोक बिघडतात' हीही तक्रार होती. मालक कोर्टात गेले, थिएटरं पुन्हा उघडली, पण नियम घट्ट झाले. १९०९ साली ब्रिटननं कायदा केला की प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या खोलीत हवा. १९१८ साली हिंदुस्थानात सिनेमॅटोग्राफ कायदा आला, थिएटरला परवाना लागू लागला. मामांच्या वेळेपर्यंत नायट्रेट जाऊन न पेटणारी फिल्म येऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी बादल्या होत्याच. पॅरिसच्या त्या बायकांसाठी आमच्या गावात वाळू भरून ठेवली जात होती!

मामांचं काम म्हणजे तारेवरची कसरत. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगीचा लोळ पेटवायचा, कांड्या जळत जातील तसं त्यांचं अंतर सांभाळायचं. वीसेक मिनिटांत रीळ संपतं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडचं बंद, तिकडचं उघड. खाली पाचशे माणसं रडत असताना हा माणूस कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे बघत असे. "तुला कळला का सिनेमा?" असं विचारलं की म्हणायचे, "मला फक्त उजवा कोपरा कळतो."

मशीनचा जीव असतो एका छोट्या भागात, माल्टीज क्रॉसमध्ये. मामा त्याला 'फुली' म्हणायचे. चार खाचांची पोलादी फुली. शेजारच्या चाकावरची खुंटी एक फेरा घेते आणि खाचेत शिरून फुलीला बरोबर पाव वळण देते. उरलेला वेळ फुली जागच्या जागी घट्ट. तिच्या दांड्यावर सोळा दातांचं चाक असतं. सोळाचा पाव म्हणजे चार दात, म्हणजे फिल्मची चार भोकं, म्हणजे एक चित्र. डिक्सनची ती चार भोकं आठवली? सेकंदाला चोवीस वेळा, अडीच तासांच्या सिनेमात दोन लाख सोळा हजार वेळा फिल्म थांबते. सिनेमा हलतो असं आपण म्हणतो. खरं तर तो थांबतो म्हणून दिसतो.

२०१२ साली मामांचा फोन आला. सगळं डिजिटल होत होतं, फिल्मच्या पेट्या येणं बंद झालं होतं, मालकांनी थिएटर बंद करायचं ठरवलं होतं. मशिनी भंगारात किलोवर जाणार होत्या. मामा म्हणाले, "एक मशीन तीस हजारात देतायत. तू घेतोस का? मी सांभाळीन." मी ग्रोसरीच्या रांगेत उभा होतो. म्हटलं, "मामा, ठेवणार कुठं? आणि करायचं काय त्याचं?" मामा म्हणाले, "बरं." एवढंच.

पाचशे डॉलरचा प्रश्न होता, मंडळी. त्या वर्षी मी त्याहून महागडं गवत कापायचं यंत्र घेतलं.

दोन वर्षांनी गेलो तेव्हा मामांनी रुमालात बांधलेली ती फुली माझ्या हातावर ठेवली. मशीन भंगारात देण्याआधी काढून घेतली होती. म्हणाले, "तू इंजिनिअर ना? वापरून वापरून कुठं झिजलीय बघ." मी खिडकीपाशी नेऊन बघितली. झीज नव्हती म्हटलं तरी चालेल. तीस वर्षं तेल घालणारा माणूस समोर उभा होता. परतताना विमानतळावर ती काय आहे हे समजावताना माझी दहा मिनिटं गेली. २०१९ साली मामा गेले. फुली माझ्या टेबलावर आहे.

पुन्हा बैठक

वाटेत एक राहिलंच. दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून. थिएटरात, लोकांत बसून. पुढं लंडनहून कॅमेरा आला, कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची, ती भोकं अंधारात बसून सरस्वतीबाईंनी पाडली, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला. १९१५ साली पुण्याला मंडईजवळ 'आर्यन' सुरू झालं. तेही १९८३ साली बंद पडलं. स्मिथफील्ड स्ट्रीटचं निकेलोडियनही केव्हाच गेलं. थिएटरं बंद पडतात, त्यात नवल नाही.

तर दोन्ही बाजू. एडिसनची बाजू खरी आहे. घरचा पडदा मोठा, आवाज उत्तम, चहा हाताशी. त्या स्लोव्हाक कामगाराला पाच सेंटांचा अंधार लागत होता कारण त्याला दिवाणखाना नव्हता. आपल्याला आहे. उगाच भावनेला हात घालून ८० तिकिटं खपवायची मला इच्छा नाही.

दुसऱ्या बाजूला मला एकच गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षीच्या खेळाला एक आजी आल्या होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, जानेवारीपासून घरात. घरी टीव्हीवर मराठी सिनेमे हवे तेवढे होते, त्या म्हणाल्या, सगळे बघून झाले. खेळ संपल्यावर थिएटरवाले बाहेरचं खाणं आत येऊ देत नाहीत म्हणून आपण पार्किंग लॉटमध्ये डिकी उघडून बटाटेवडे वाटले. तिथं त्यांना दुसऱ्या एक बाई भेटल्या. बोलता बोलता दोघीही वाईच्या निघाल्या, एकाच शाळेच्या. पुढचा पाऊण तास दोघी बोचऱ्या वाऱ्यात वडा हातात धरून उभ्या होत्या. मुलगा गाडी चालू करून वाट बघत होता. सिनेमा कसा होता ते त्यांना विचारायचं राहिलं.

चिरंजिवांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग पिक्चर कशाला, नुसते वडेच द्या ना!" मुलगा हुशार आहे, उत्तर तयार असतं. पण नुसत्या वड्यांसाठी त्या आजी चाळीस मिनिटं आल्या नसत्या, आणि नुसत्या सिनेमासाठीही नाही. सिनेमा हे निमित्त, फुलीसारखं. सगळ्यांना एका जागी काही काळ थांबवणारं.

पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे. एक वर्ष आणखी करून बघू. ज्यांच्याकडे आई-वडील आलेले आहेत त्यांना आधी फोन करू, ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना घरून आणू. माझ्या व्हॅनमध्ये सहा जागा आहेत. पैकी एक चिरंजिवांची, तोंड वाकडं करून का होईना येणार आहेत. उरल्या पाच. ज्यांना हव्या आहेत त्यांनी कळवावं, नंबर सभासद यादीत आहे. आणि ८० झाली नाहीत, तर खजिनदारांचं म्हणणं मान्य करून मी पुढच्या अंकात बोल्टकडे परत जाईन.

तोवर गॅरेजच्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका!